परतीची फेरी

मी चिपळूण आगारात सत्तावीस वर्षं कंडक्टर होते. खिडकीच्या जागेवरून हमरीतुमरीवर आलेले, कुंभार्ली घाटात उलट्या करणारे, झिंगून "गाडी माझ्या दारात थांबव" म्हणणारे, सगळे सांभाळलेत. त्यामुळे सहा महिने परदेशात एका म्हाताऱ्या माणसाच्या सोबतीला राहायचं म्हटल्यावर माझी लेक कल्याणी घाबरली, मी नाही. त्यात काय एवढं? आपण बोलायचं, समोरच्याला बोलतं करायचं. मला दुसरं येतंय काय?

पोर्तुगालच्या उत्तरेला डोंगरात गावंच्या गावं रिकामी झाली आहेत. तरुण माणसं फ्रान्सला, जर्मनीला गेली आणि मागे राहिलेली म्हातारी इतकी पांगली, की त्यांच्याशी चार शब्द बोलायला माणूस मिळेना. म्हणून ही सोबती योजना निघाली. ज्या देशात माणसं उदंड आहेत तिथली निवृत्त, धडधाकट माणसं स्वखुशीने तिकडे जायची. भाषेची अडचण नव्हती. माझ्या कानात दुभाष्या, त्यांच्या खिशात दुभाष्याची डबी. मी मराठीत बोलायचं, डबी त्यांना पोर्तुगीजमध्ये सांगणार.

माझ्या वाट्याला आबिलियू नावाचे त्र्याऐंशी वर्षांचे गवंडी आले. फोंतेला नावाचं गाव, सात घरांतून धूर निघायचा. त्यातलं सगळ्यात वरचं, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं घर त्यांचं. काळ्या दगडाचं, स्वतःच्या हाताने बांधलेलं. बायको लुर्देश नऊ वर्षांपूर्वी वारली, मुलगा पॅरिसला. मला दारात बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती दिवस?"

"सहा महिने."

"हं. ती खिडकीजवळची खुर्ची सोडून कुठेही बसा."

झालं स्वागत. मी मनात म्हटलं, बघू या कोण कोणाला दमवतंय. आणि त्यांना सरळ काका म्हणायला लागले. डबीने त्याचं 'तिउ' केलं आणि गावातले लोकही त्यांना तेच म्हणत असल्यामुळे त्यांनी हरकत घेतली नाही.

काकांच्या दंडावर जुन्या रुपयाएवढी चकती चिकटवलेली होती. सगळी गोष्ट त्या चकतीची आहे, म्हणून नीट सांगते. माणूस फार काळ एकटा पडला की त्याचं शरीर जखमेची तयारी करायला लागतं. कळपातून सुटलेल्या जनावराला आजाराची लागण होण्याची भीती कमी, चावा बसण्याची जास्त. तीच लाखो वर्षांची सवय आपल्या रक्तात उरली आहे. पांढऱ्या पेशी सूज आणणारी रसायनं जास्त बनवतात आणि विषाणूंशी लढणारी कमी. जखम काही होत नाही. नुसती तयारीच चालू राहते आणि त्या सुजेने हृदय, सांधे, मेंदू झिजत जातात. चकतीला केसाहून बारीक सुया असतात. दर दहा मिनिटांनी त्या कातडीखालचं पाणी चाखतात, रसायनं मोजतात आणि शून्य ते शंभरमधला एक अंक माझ्याकडे दिलेल्या छोट्या यंत्रावर दाखवतात. थोडक्यात, एकटेपणाचा ताप मोजायचा थर्मामीटर.

त्या अंकावर तिथे सगळं ठरतं. तीन महिन्यांची सरासरी पंचाहत्तरच्या वर गेली, तर माणसाला जिल्ह्याच्या गावी सामूहिक घरात हलवायचं. सत्तरच्या खाली असेल तर घरीच राहू द्यायचं. मधे अडकली, तर अधिकाऱ्याने स्वतः घरी येऊन, माणसाला भेटून निर्णय घ्यायचा. मी एक सप्टेंबरला पोचले तेव्हा काकांचा अंक अठ्ठ्याहत्तर होता. निर्णयाची तारीख तीस नोव्हेंबर.

"मला हलवायचं तर छपरासकट हलवा," काका म्हणाले. "हे घर सोडून मी कुठेही जाणार नाही."

"कोण हलवतंय? मी आलेय ना," मी म्हटलं. त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं.

मग मी कामाला लागले. सकाळी उठल्यापासून तोंड बंद नाही. घाटाच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्या भिंतींची चौकशी केली, पत्त्यांतला भेंडीबाजार खेळायला शिकवलं. स्वयंपाकघरात तर एक गंमतच झाली. मी म्हटलं "बटाटा", ते डबी न ऐकताच म्हणाले "बताता". मी चावी दाखवली, ते म्हणाले "शाव्ह". पाव, कोबी, बालदी, सगळे शब्द आपले वाटावेत असे निघाले. मी म्हटलं, "काका, तुमच्या लोकांनी चारशे वर्षांपूर्वी आमच्याकडे शब्द ठेवले ते परत न्यायलाच विसरले." त्यावर पहिल्यांदा हसले. मला वाटलं, आता अंक धाडकन खाली येणार.

अंक एक्क्याऐंशी झाला.

पाच आठवड्यांनी ग्रासाचा फोन आला. ग्रासा ही त्या भागाची अधिकारी. चाळिशीची, सरळ बाई, पण कागदाबाहेर पाऊल टाकणार नाही. मला ती दोना दर्शना म्हणायची, म्हणजे आपलं दर्शनाबाई. तिने पडद्यावर आलेख दाखवला.

"दोना दर्शना, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही घरात असता तेव्हा अंक ऐंशीच्या आसपास. तुम्ही बाहेर पडलात की वीस मिनिटांत साठावर येतो. तुम्ही परत आलात की थोडा वेळ तसाच राहतो आणि मग हळूहळू पुन्हा चढतो."

"म्हणजे?"

"यंत्राचं म्हणणं असं, की त्यांना तुमच्या सोबतीचा जाच होतोय. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर तुम्हाला दुसरीकडे पाठवावं लागेल."

"आणि काकांना?"

"त्यांना सामूहिक घरात. तिथे खोली तयार आहे. उबदार आहे, चांगली आहे."

मला जिव्हारी लागलं, खोटं कशाला सांगू. सत्तावीस वर्षांत माझ्याबद्दल अशी तक्रार कोणी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी काका शेकोटीपुढे डुलक्या घेत होते. मी चप्पल... नव्हे, ते जाड बूट चढवले आणि काही न बोलता बाहेर पडले. जाच होतोय काय? ठीक आहे. आज दिवसभर तोंड दाखवत नाही. खालच्या वाडीपर्यंत उतरले, चेस्टनटच्या झाडांखाली काटेरी बोंडं लाथाडत फिरले, एका ओट्यावर बसून भाकरीसारखा कडक पाव खाल्ला आणि चार वाजता परत वर चढले.

काका रस्त्यावर उभे होते. घराच्या पायरीखाली, घरातल्या सपाता घालून, गार वाऱ्यात. नऊ वर्षांत ते दाराबाहेरच्या पाणवठ्यापलीकडे गेले नव्हते आणि आत्ताही गेले नव्हते, पण पाणवठ्याच्या कठड्याला धरून उभे होते. मी हातातलं यंत्र बघितलं. अंक एक्क्याण्णव.

"आज तुम्ही सांगितलं नाहीत," ते म्हणाले.

"काय सांगितलं नाही?"

"रोज जाताना सांगता ते."

"मी काय सांगते रोज?"

काकांनी डबी खिशातून काढून बंद केली आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "येते."

जसंच्या तसं. त्याच्या आधीचा उसासासुद्धा माझाच. मी दिवसातून दहा वेळा म्हणते ते. पावाच्या गाडीवर जाताना, लाकडं आणायला जाताना, कल्याणीशी फोनवर निवांत बोलायला वरच्या टेकाडावर जाताना. आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. जाते म्हटलं की आजी अंगावर यायची. मी काही विचार करून म्हणत नव्हते, तोंडात बसलेलं होतं.

मी डबी सुरू केली. "याचं ही काय सांगते तुम्हाला?"

"झा व्हेन्यू. लगेच येते." काका आत येऊन शेकोटीपाशी बसले आणि मग बरंच बोलले. इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. "इथून जो गेला तो 'अदेउश' म्हणून गेला. माझे तीन भाऊ, मुलगा, शेजारी, सगळे. अदेउश म्हणजे संपलं. झा व्हेन्यू असं कोणी उगाच म्हणत नाही, म्हटलं तर यावं लागतं. लुर्देश म्हणायची, कोंबड्यांना दाणे टाकायला जाताना. ती गेल्यावर या घरात ते कोणी म्हटलं नाही. मग तुम्ही आलात. दिवसाला दहा वेळा म्हणता आणि दहाही वेळा येता."

"आणि मी नसताना तुम्ही काय करता?"

"कॉफीचं पाणी ठेवतो. लाकडं फोडतो. खिडकीशी बसतो." मग म्हणाले, "तुम्ही समोर बसून बोलता तेव्हा मी मनात दिवस मोजत असतो, सहा महिन्यांतले किती उरले. बाहेर गेलात की मोजत नाही. तेव्हा मला नक्की माहीत असतं की तुम्ही येणार आहात."

मला रडू आलं. मी ते लपवलं वगैरे नाही.

त्याच संध्याकाळी ग्रासाला फोन लावला आणि आलेख पुन्हा उघडायला लावला. ज्या ज्या वेळी मी 'येते' म्हणून गेले होते त्या सगळ्या वेळी अंक उतरला होता. न सांगता गेले तो एकच दिवस, आणि त्या दिवशी एक्क्याण्णव. ग्रासाने आकडे पुन्हा तपासले. आम्ही दोघींनी ते असं लावलं: शरीर जखमेची तयारी करतं ते कोणी जवळ नाही म्हणून नव्हे, कोणी येणार नाही म्हणून. जवळ बसलेलं माणूस आज ना उद्या उठून जाणार हे शरीराला कळतं. येणाऱ्या माणसाची खात्री असली की ते हत्यारं खाली ठेवतं.

"यंत्रात याला रकाना नाही," ग्रासा म्हणाली. "आणि मार्चमध्ये तुम्ही जाल तेव्हा? तेव्हा कोण येणार आहे? तुम्ही त्यांना वाट बघायला शिकवलंत आणि निघून गेलात तर एकटेपणापेक्षा ते वाईट होईल."

बाईचं म्हणणं खरं होतं. मी दोन दिवस त्याच विचारात होते. तिसऱ्या दिवशी पावाची गाडी भोंगा वाजवत वर आली आणि माझी ट्यूब पेटली. गाडी वर जाते ती खाली येणारच. परतीची फेरी. मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?

पाववाला एर्मीनियू सकाळी दहाला वर डोंगरातल्या घरांकडे जायचा, साडेबाराला उतरायचा. शेळ्यांची झुल्मीरा आठला वर, पाचला खाली. दोघंही काकांच्या दारावरून जायचे आणि नुसता हात करायचे, कारण काका दार उघडत नाहीत हे ठरून गेलेलं. काकांची डबी घेऊन मी दोघांना रस्त्यात अडवलं.

"जाताना दारात थांबायचं आणि 'झा व्हेन्यू' म्हणायचं. परतीला थांबायचं, एक कॉफी घ्यायची. बस. गप्पा मारल्या नाहीत तरी चालेल. पण येणार नसाल त्या दिवशी म्हणायचंच नाही. गाडी सुटणार नसेल तर बोर्ड लावायचा नाही, हा आमच्या आगाराचा नियम आहे."

एर्मीनियू म्हणाला, "बाई, एवढ्याने काय होणार?"

"मी सांगते म्हणून करा. कॉफी फुकट आहे ना?"

काकांनाही मी सगळं सांगून टाकलं. त्यांना फसवून काही करणं मला जमलं नसतं. ते म्हणाले, "म्हणजे मला गाडीचा स्टॉप केलात?" पण दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या आधी दाढी करून बसले होते.

अंक उतरत गेला. सत्तर, सहासष्ट, साठ. मी घरात असतानाही तो आता चढेना. नोव्हेंबरात चेस्टनट भाजले तेव्हा झुल्मीरा शेळ्या बांधून खास वर आली आणि काकांनी तिला ती खिडकीजवळची खुर्ची दिली. मला तीन महिन्यांत कधी दिली नव्हती. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही बसता कुठे? तुम्ही तर सारख्या येते, येते." आता हा शब्द ते सर्रास वापरायचे. मागच्या अंगणात लाकडं आणायला गेले तरी "येते". मी एकदा सांगितलं, "काका, पुरुषाने 'येतो' म्हणायचं." त्यांनी मान हलवली. "येते म्हणणारी बाई दरवेळी आली. येतो म्हणणाऱ्याचा मला काही अनुभव नाही."

असं करत तीस नोव्हेंबर उजाडला. आधीच्या सहा आठवड्यांचा भार जड होता, त्यामुळे सरासरी एक्काहत्तरवर अडली. एक-दोन अंकांनी गाडी हुकली. म्हणजे ग्रासा स्वतः येणार, भेटणार आणि ठरवणार. वेळ दुपारी तीनची.

सकाळी दहाला एर्मीनियूने पाव दिला, "झा व्हेन्यू" म्हणाला आणि वर गेला. साडेबारा वाजले. पाऊण. एक. गाडी नाही. फोन लावावा तर वरच्या त्या वळणांवर कुठला आलाय फोन. काका खिडकीशी बसले होते. चौसष्टचे सत्तर झाले, सत्तरचे सत्याहत्तर. मी मनात एर्मीनियूला शिव्या घातल्या. तीनशे पासष्ट दिवसांतला हाच दिवस सापडला का?

दीड वाजता काका उठले. भिंतीवरची टोपी काढली, नऊ वर्षं न घातलेले बूट पलंगाखालून ओढले आणि फीत बांधायला वाकले.

"कुठे निघालात?"

"तो म्हणाला होता येतो. आला नाही म्हणजे काहीतरी झालंय. बघायला हवं."

"मी येते बरोबर."

"दोघं गेलो आणि तो दुसऱ्या वाटेने आला तर? घर बंद दिसेल त्याला. तुम्ही थांबा."

त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, ओली वाट, दीड तासात अधिकारी दारात. पडले तर संपलंच, आणि ग्रासा आली तेव्हा नसले तरी काय सांगणार? दारात आडवी उभी राहिले असते तर थांबले असते ते. पण या माणसाला घरात ठेवण्यासाठी आम्ही भांडत होतो ते कशासाठी, घरात कोंडण्यासाठी? मी बाजूला झाले. त्यांची मफलर नीट गुंडाळून दिली.

"येते," काका म्हणाले आणि पाणवठा ओलांडून गेले. पाच मिनिटांत चकती यंत्राच्या टप्प्याबाहेर गेली आणि अंकाच्या जागी नुसती रेघ आली.

मी कॉफीचं पाणी ठेवलं. लाकडं फोडली. खिडकीशी जाऊन बसले, कुठल्या खुर्चीत बसतेय तेही लक्षात आलं नाही.

बरोबर तीनला ग्रासा आली. ओला कोट काढून तिने घरभर नजर फिरवली. "सेन्योर आबिलियू कुठे आहेत?"

"बाहेर गेलेत."

"बाहेर? कुठे बाहेर?"

"वरच्या रस्त्याला. पाववाला आला नाही म्हणून बघायला."

तिचा चेहरा उतरला. "एकटे? आणि तुम्ही जाऊ दिलंत? अंक किती आहे?"

"अंक नाही. टप्प्याबाहेर आहेत."

"दोना दर्शना, मला प्रत्यक्ष भेटून ठरवायचंय. आज पाचपर्यंत कागद गेला नाही तर यंत्र आपोआप खोली पक्की करतं. मग माझ्याही हातात काही राहत नाही."

"येतील. सांगून गेलेत," मी म्हटलं. आवाज खणखणीत काढला आणि तिच्यापुढे कॉफी ठेवली. साडेतीन झाले. चार. ग्रासा दोनदा दारापर्यंत जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

सव्वाचारला वळणावर पावाची गाडी दिसली. पुढे काका बसलेले, कोपरापर्यंत चिखल, टोपी तिरकी. गाडीचं चाक वरच्या वळणावर गटारात गेलं होतं. एर्मीनियूने तीन तास धडपड केली, निघेना. काकांनी जाऊन बाजूचे दगड निवडले, चाकाखाली रचून उतार बांधला आणि गाडी एका दमात बाहेर काढली. हे सगळं एर्मीनियू हातवारे करून सांगत होता. काका दम खात पायरीवर बसले. यंत्रावर अंक परत आला होता, पण तो बघायचं कोणालाच सुचलं नाही.

ग्रासाने कागद काढला. आवाज मऊ केला. "तिउ आबिलियू, जिल्ह्याच्या घरात खोली तयार आहे. उबदार आहे. डॉक्टर खालीच असतात. आज मला सांगा, तुम्ही—"

"आज नाही जमायचं," काका म्हणाले. "उद्याही नाही. झुल्मीराच्या वरच्या गोठ्याची भिंत पडलीये, येताना बघितली. उद्या सकाळी तिथे जायचंय. वरच्या वळणाचं गटार बांधायला हवं, नाहीतर पुन्हा कोणीतरी अडकणार. तिथल्या दोन घरांत चुलीचे दगड सुटलेत." त्यांनी बोटं मोजली. "चार ठिकाणी झा व्हेन्यू म्हणून आलोय मी. चार. आता मी जिल्ह्याला जाऊन बसलो तर लोक काय म्हणतील?"

ग्रासा त्याच डोंगरातली. त्या शब्दाचा अर्थ तिला दुभाष्याने सांगायची गरज नव्हती. तिने काकांच्या चिखलाच्या हातांकडे बघितलं, मग कागद गुडघ्यावर ठेवला, 'घरीच राहू द्यावे' यापुढे खूण केली आणि खाली कारणाच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. लिहिलेलं मला समजेना, म्हणून तिने ते मोठ्याने वाचलं आणि माझ्या कानातल्या दुभाष्याने ते मराठीत सांगितलं.

"भेटीच्या वेळी सदर व्यक्ती घरी एकटी आढळली नाही. सदर व्यक्ती घरीच आढळली नाही."